पडवीतला विस्तव

बेलवाडी, ता. लोहारा
४ डिसेंबर २०२३

चिरंजीव नंदीशला अण्णाचे आणि वहिनीचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अप्पांनी आपल्या दोघांना लावलेली पत्राची सवय तू पुण्यात राहूनही मोडली नाहीस, याचं मला दर वेळी बरं वाटतं. फोनवर तू घाईत असतोस आणि मी बोलायचं ते विसरतो. कागदावर आपण दोघंही सावकाश असतो. अव्वाला पत्र दोनदा वाचून दाखवलं, आईचं मन एकदा ऐकून भरत नाही. वाटणीचा मजकूर तेवढा गाळला.

त्याबद्दल एकदाच लिहितो. अप्पा जायच्या आदल्या दिवशी सगळ्या भावकीसमोर काय बोलले, ते तूही ऐकलं आहेस. "चूल एक हाय तवर रान एक. चूल फुटली तर मग भांडू नका, सरळ निम्मं करा." मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. तुला तुझं निम्मं रान सौर कंपनीला भाड्यानं द्यायचं आहे, हे मला समजतं. पण त्या काचांखाली एकदा जमीन गेली की आपल्या हयातीत तिथं ज्वारी दिसणार नाही. आणि ते बाजूला ठेवलं तरी शब्द शब्दच आहे. माझ्या हातून चूल फुटणार नाही. राग धरू नकोस.

आता खऱ्याच चुलीचं लिहितो. तुझ्या वहिनीचा खोकला दिवाळीपासून थांबेना, म्हणून धाराशिवला नेलं होतं. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "बाई, विडी ओढता का?" दैवशाला म्हणाली, "मी न्हाय ओढत, आमची चूल ओढती." डॉक्टर हसला, मग ती हसली आणि हसता हसता पुन्हा खोकली. धूर बंद करा, एवढंच औषध आहे म्हणाला.

घरात गॅस आहे, पण चहापुरता. रानातल्या माणसांच्या भाकरी धरल्या तर टाकी पंधरवडाही टिकत नाही, आणि अव्वाच्या घशाखाली गॅसवरची भाकरी उतरत नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचं जळण तर बांधावर पडलेलंच असतं. तेव्हा जळणावरचीच, पण धूर न करणारी चूल घ्यायचं ठरवलं आहे.

लोहाऱ्याच्या बाजारात तीन प्रकार पाहिले. एक पत्र्याची उचलून न्यायची, तिला बारका पंखा असतो आणि तो मोबाइलसारखा चार्ज करावा लागतो. अव्वा म्हणाली, "वीज गेली की चूल उपाशी, आन आपण बी उपाशी." दुसरी सिमेंटची, दोन तोंडांची, पण ती एक-दोन उन्हाळ्यांत तडकते असं लोक सांगतात. तिसरी स्टँडमागचे खाजामियाँ स्वतः बनवतात. बाहेरून लोखंडी पत्रा, आतून विटा, वर धुराचं नळकांडं. तू शिकलेला आहेस, नेटवर पाहून सांग कुठली घ्यावी आणि कुठं बसवावी.

तुझा अण्णा


हडपसर, पुणे
२० डिसेंबर २०२३

अण्णा आणि वहिनींना साष्टांग नमस्कार. अव्वाच्या पायांवर डोकं.

वाटणीबद्दल तुम्ही लिहिलंत ते समजलं. तुमचा शब्द तुमच्यापाशी. मी तो विषय आता काढणार नाही.

वहिनींचं वाचून वाईट वाटलं. हे खरं तर आपण पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. मी बरंच शोधलं. पंख्याची चूल एका माणसाला ठीक, आपल्या घरच्या भाकऱ्यांना नाही. सिमेंटची जड असते आणि नळकांडं चोंदलं की सगळा धूर घरात परत येतो. खाजामियाँची घ्या. आत विटा असल्या की उष्णता धरून राहते, जळण कमी लागतं. फक्त नळकांडं छपराच्या वर हातभर तरी काढायला सांगा, नाहीतर वारा धूर खाली दाबतो.

जागेचा विचार नीट करा. स्वयंपाकघरावर माळवद आहे. त्या मातीला भोक पाडलंत तर पहिल्याच पावसात तिथून गळती लागेल आणि अव्वा तुम्हाला जन्मभर ऐकवेल. त्यापेक्षा मागच्या पडवीत बसवा. तिथं पत्रे आहेत, नळकांडं काढणं सोपं, आणि वहिनींना मोकळी हवा.

वेळ अमावस्येला यायचं मनात होतं, पण रजा नाही. रानातल्या आंबिलीची आठवण येते.

तुमचा नंदू


बेलवाडी
१४ जानेवारी २०२४

चि. नंदूला आशीर्वाद.

वेळ अमावस्या झाली. कडब्याची खोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, भज्जी-आंबील झाली. तुझ्या वाटणीची आंबील मी पाटाच्या कडेला मातीत ओतली, दर वर्षी ओततो तशी. खोपीतून ज्वारी पाहताना मनात आलं, एवढ्या रानाकडं पाहून माणसाला त्यात रेघ ओढावीशी कशी वाटते. जाऊ दे. तू विषय सोडलास, मीही सोडतो.

खाजामियाँ परवा स्कूटरवर येऊन माप घेऊन गेले. माणूस मजेशीर आहे. आल्या आल्या विचारलं, "उमाशंकरभाऊ, चूल कुणासाठी बनवू? आईसाठी का भाभीसाठी?"

मी म्हणालो, "घरासाठी."

"घर काय खाली बसून भाकरी थापतं व्हय? बसणाऱ्याचं माप सांगा."

मग त्यांनी दैवशालाला पाटावर बसायला लावलं, तिच्या कोपराची उंची दोरीनं मोजली, तवा पालथा घालून त्याची रेघ पत्र्यावर ओढली. अव्वा दारातून पाहत होती. ती म्हणाली, "आमच्या वक्ताला चूल हातानं थापायची, मुठीनं मोजायची. आता शिंप्यावानी माप." खाजामियाँ म्हणाले, "अम्मा, तुमचं पण माप घेऊ का?" तर म्हणाली, "माझं माप घ्यायला आता दुसरे येतील," आणि आत गेली. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

माळवदाचं तू सुचवलंस ते फार योग्य झालं. अव्वाला नुसतं विचारलं होतं, भोक पाडू का, तर दिवसभर बोलली नाही. पडवी म्हटल्यावर लगेच हो म्हणाली. खाजामियाँनी महिनाअखेरीस द्यायचं कबूल केलं आहे. नवी चूल बसली की जुनी त्याच दिवशी मोडून तिची माती परसात टाकायची, असं माझ्या मनात आहे. घरात चूल एकच असावी.

तुझा अण्णा


हडपसर, पुणे
२२ जानेवारी २०२४

अण्णांना नमस्कार.

पत्र वाचून खाजामियाँ डोळ्यांसमोर उभे राहिले. पटकन लिहितो, कारण चूल येण्याआधी हे पत्र पोचायला हवं.

एक विनंती. नव्या चुलीत पहिला विस्तव आगकाडीनं पेटवू नका. अव्वाच्या चुलीतला निखारा न्या. तिनं पन्नास वर्षं राखलेला विस्तव आहे तो, त्याला आपल्या देवघरातल्या दिव्याइतकाच मान आहे. तुम्ही रोज लिंगपूजा करणारे, तुम्हाला मी काय सांगावं. आणि ते गुपचूप करू नका. बंडप्पाकाकांना बोलवा, भावकीतले चार जण बोलवा, सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवा. वाटल्यास माझ्या नावानं ठेवा. मला तिथं असता येत नाही, निदान माझा गूळ तरी असू दे.

जुनी चूल लगेच मोडू नका. अव्वाला नवीन जमायला वेळ लागेल.

तुमचा नंदू


बेलवाडी
१२ फेब्रुवारी २०२४

चि. नंदूला आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र मी देवघरात ठेवलं होतं. शहरात राहून तुझ्या मनात विस्तवाबद्दल एवढा भाव आहे, हे मला माहीत नव्हतं. दैवशालालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजींना कधीपासून सुचाया लागलं असलं?" मी तिच्यावर जरा रागावलो.

पंधरा दिवसांपूर्वीच्या सोमवारी सकाळी पूजा आटोपून सगळं तू लिहिल्याप्रमाणे केलं. बंडप्पाकाका आले, खालच्या आळीचे उत्तरेश्वर आले, आणखी तिघं आले. एरवी ही मंडळी जमली की पडवी डोक्यावर घेतात. त्या दिवशी मात्र लग्नातल्या मानकऱ्यांसारखी गप्प बसली होती. मला त्यांच्या भक्तीचं कौतुक वाटलं. अव्वानं चिमट्यानं तीन निखारे काढून खापरावर ठेवले आणि खापर माझ्या हातात दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हणालो, "बघ अव्वा, आता हा धूर संपला तुझा." मी खापर घेऊन अंगण ओलांडलं, नव्या चुलीला भस्म लावलं, निखारे आत घातले आणि तुझ्या नावानं गूळ वाटला. काकांनी गूळ तोंडात टाकण्याआधी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "विचार करून करतूयस न्हवं, उमाशंकर?" मी म्हणालो, "काका, दोन महिने विचार चाललाय." चुलीचाच विचारत असणार, दुसरं काय.

पण ही चूल म्हणजे नवी सून आहे. पहिल्या दिवशी तिनं सगळ्या पडवीत धूर केला. आम्ही सवयीनं बाभळीचा ओंडका घातला होता. तो तोंडाबाहेर हातभर राहिला आणि धूर वर जायचा सोडून आमच्याकडं आला. खाजामियाँना फोन केला तर म्हणाले, "भाऊ, तिला घास बारीक करून द्या. आणि जेवताना तोंड बंद ठेवायला शिकवा." म्हणजे जळण वीतभर तोडून घालायचं आणि समोरचं झाकण अर्धं लावायचं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कुऱ्हाडीनं जळण बारीक करतो. तुराट्या फार भुरूभुरू जळतात, पऱ्हाट्या बऱ्या, बाभळीच्या ढलप्या सर्वांत चांगल्या, पण वाळलेल्या हव्यात. फुंकणी लागतच नाही. दैवशाला पहिले काही दिवस तरीही सवयीनं फुंकणी हातात घेऊन बसायची आणि मग स्वतःशीच हसायची.

खरी अडचण भाकरीची. जुन्या चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांचा आर ओढून त्यावर भाकरी उभी केली की ती टम्म फुगते. हिच्यात आर आत राहतो, बाहेर येतच नाही. दैवशालाच्या भाकरी आठवडाभर चामड्यासारख्या झाल्या. मग तिनं युक्ती काढली. तवा उतरवायचा, तोंडावर लोखंडी जाळी ठेवायची आणि झाकण पूर्ण उघडून सरळ जाळावर भाकरी धरायची. क्षणभरच, नाहीतर काळी पडते. आता तिचा हात बसला आहे. खोकला रात्री बराच कमी आहे. तुझी पुतणी सृष्टी म्हणते, शाळेत माझ्या केसांना आता धुराचा वास येत नाही.

अव्वाचं मात्र जमत नाही. चूल तिच्या मानानं उंच आहे. एकदाच बसली, एक भाकरी केली, ती करपली, आणि उठून गेली. तेव्हापासून आपल्या जुन्या चुलीवर स्वतःपुरती भाकरी करते. मी तिला म्हणालो, दैवशाला करते तीच खा. तर म्हणाली, "माझं मला करू दे." घरात दोन ठिकाणी विस्तव पेटतो हे मला बरं वाटत नाही. तू तिला एखादं पत्र लिही, तुझं ती ऐकते.

तुझा अण्णा


हडपसर, पुणे
२६ फेब्रुवारी २०२४

अण्णांना नमस्कार.

चूल जमली हे वाचून फार आनंद झाला. वहिनींची जाळीची युक्ती मी इथं दोघांना सांगितली.

अव्वाला सक्ती करू नका. या वयात तिला आपल्या चुलीजवळच बरं वाटणार. तिच्या चुलीसाठी म्हणून मी लोहाऱ्याच्या दुकानातून ज्वारीचं पोतं, तेल आणि डाळ पाठवायला सांगितलं आहे. ते तिच्याच खोलीत ठेवा, तुमच्या कणगीत मिसळू नका. माझ्या कमाईचं तिला खाऊ दे, एवढीच इच्छा आहे.

तुमचा नंदू


बेलवाडी
१५ एप्रिल २०२४

नंदीश,

बरेच दिवस लिहायला बसलो आणि उठलो.

तू पाठवलेलं पोतं टेम्पोतून आलं तेव्हा सगळ्या आळीनं पाहिलं. मला थोडं लागलं होतं. आपल्या घरात ज्वारीची कणगी भरलेली असताना आईला पोतं विकत कशाला, असं वाटलं. पण म्हटलं, लांब असलेल्या लेकराचा जीव आहे. पोतं मी स्वतः पाठीवर घेऊन तिच्या खोलीत ठेवलं.

गेल्या गुरुवारी मी रानात होतो. दोन माणसं बांधावर आली, टोपी घातलेली, हातात मोजायचं यंत्र. मी विचारलं, कोण आपण? म्हणाली, कंपनीकडून आलोय, नंदीशरावांचं क्षेत्र पाहायचंय. मी म्हणालो, "इथं नंदीशरावांचं वेगळं क्षेत्र नाही. रान एकत्र आहे." ती एकमेकांकडं पाहायला लागली. तेवढ्यात मागून बंडप्पाकाका आले. या माणसांना वाट दाखवायला तूच काकांना पाठवलं होतंस.

मी म्हणालो, "काका, सांगा यांना. अप्पांचा शब्द तुम्ही ऐकलाय."

काका खाली बघत म्हणाले, "तोच शब्द धरून आलोय बाबा. चूल फुटली, आता रान निम्मं."

"कुणाची चूल फुटली?"

"लेका, तूच फोडलीस की. पाच माणसांदेखत आईच्या चुलीतला विस्तव उचललास, अंगण ओलांडलंस, दुसरीकडं पेटवलास. आमी गूळ खाल्लाय. आपल्या भावकीत चूल येगळी करायची रीत हीच हाय, तुझ्या आज्यानं त्याच्या भावापासनं अशीच केली व्हती."

मी म्हणालो, "ती दैवशालाच्या खोकल्यासाठी आणलेली चूल आहे!"

"खोकल्याला पाच माणसं कशाला बोलावलीस? गूळ कशाला? म्या तुला तवाच इचारलं, विचार करून करतूयस न्हवं? तू व्हय म्हणलास. आन तुमच्या दोघांचं ठरल्याचं नंदीशनं आमाला फोनवर आधीच सांगितलं व्हतं. म्हणला, अण्णाच्यानं तोंडानं सांगवणार न्हाय, अप्पाला दिलेल्या शब्दाची लाज वाटती, तुमी काही इचारू नका, नुसते येऊन बसा."

कंपनीची माणसं लिंबाच्या सावलीला जाऊन उभी राहिली. त्यांनाही ऐकवेना.

नंदीश, ही रीत मला माहीत नव्हती असं मी म्हणणार नाही. चूल वेगळी करणं हा शब्द मी हजार वेळा ऐकला आहे. पण आपल्या घरात अप्पांच्या पिढीपासून ती कधी झाली नाही, आणि विस्तव न्यायला तू सांगितलंस तेव्हा मला त्यात देव दिसला. दुसरं काही दिसलं नाही. तुझं ते पत्र मी देवघरात ठेवलं होतं, ते आता तिथून काढलं.

त्या संध्याकाळी मी पूजेला बसलो. मी कधी काही मागत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी वाटलं, निदान राग तरी यावा. राग आला नाही. नुसती लाज आली. गावात आता सगळे म्हणतात, थोरल्यानंच फोडली. दुकानात गेलो तर उत्तरेश्वर म्हणाला, "बरं केलंस गड्या, कधीतरी करायचंच व्हतं." त्याला मी काय सांगू? माझ्या भावानं मला फसवलं, असं?

एक वाट अजून आहे. काका म्हणाले, दोहोंतली एक चूल विझली आणि माणसं एका ताटात आली, तर भावकी गूळ परत घेईल, म्हणजे चूल फुटलीच नाही असं धरेल. दैवशाला नवी चूल फोडायलाही तयार झाली होती. मीच नको म्हणालो, तिची छाती आता कुठं मोकळी होते आहे. अव्वानं आपली चूल विझवावी आणि आमच्यात जेवावं, एवढ्यानं भागतं. मी तिला तसं सांगितलं. ती गप्प बसली. ती तुझ्या भीतीनं गप्प बसली असणार. तू तिला एक ओळ लिही, किंवा फोन कर. म्हण, अव्वा, विझव. मग झालेलं मी कधी बोलून दाखवणार नाही. देवाशपथ.

अण्णा


हडपसर, पुणे
२८ एप्रिल २०२४

अण्णांना नमस्कार.

तुम्ही फसवलं म्हणता, तर म्हणा. मी नाकारत नाही.

पण तीन वर्षं मी दर पत्रात विचारलं आणि तुम्ही दर पत्रात अप्पांचा हात पुढं केलात. माझं काय चाललं आहे, हे एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही रानाकडं बघून आंबील ओतता, मी इथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. ते रान माझंही आहे. कोर्टात गेलो असतो तर दोघांचे केस पांढरे झाले असते आणि गावानं मला फोडणारा म्हटलं असतं. तुम्ही शब्द मोडणार नव्हतात, म्हणून तुमचा शब्द न मोडता वाटणी होईल अशी वाट मी काढली. अप्पांनीच सांगितलं होतं, चूल फुटली तर निम्मं करा. त्यांच्या म्हणण्याबाहेर काही झालेलं नाही.

चूल मात्र मी वाईट निवडून दिली नाही. वहिनींचं मी मनापासून पाहिलं होतं. यावर तुमचा विश्वास बसणार नाही, तरी लिहितो.

अव्वाला मी विझव म्हणून सांगणार नाही. आणि ती माझ्या भीतीनं गप्प आहे, असं मनात धरू नका. तिलाच विचारा.

नंदीश


बेलवाडी
२० मे २०२४

नंदीश,

तू लिहिलंस तसं तिलाच विचारलं.

दुपारची वेळ होती. ती जुन्या चुलीपुढं बसून तव्यावर भाकरी टाकत होती. घर धुरानं भरलं होतं. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "अव्वा, विस्तव देताना तुला ठाऊक होतं?"

तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "मला न ठावं व्हायला काय झालं? पन्नास वर्सं चुलीपुढं बसलीया म्या. नंदूनं आधीच सांगितलं व्हतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नेला असतास व्हय?"

मी म्हणालो, "नसता नेला."

"म्हणून न्हाय सांगितलं. तो म्हणला, अव्वा, वाटणी न्हाय झाली तर म्या परत गावात पाय ठेवणार न्हाय, तुझ्या मातीला बी येणार न्हाय. तो गेला तर गेलाच. त्याचा सोभाव तुला ठावं हाय."

"आणि माझं काय, अव्वा?"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तू कुठं जाणार हाईस? तू रागावलास तरी हितंच बसून रागावशील."

एवढं बोलली, पण तिनं मला भाकरी दिली नाही. पूर्वी कधीही तिच्या चुलीपुढं बसलो की हातावर पहिली भाकरी यायची. तिनं ती टोपलीत ठेवली, झाकली आणि पुढचा गोळा थापायला घेतला. मी थोडा वेळ बसून उठलो. तिचं म्हणणं खोटं नाही. मी खरंच कुठं जाणार होतो?

गेल्या रविवारी भावकी बसली. मी भांडलो नाही. काकांनी विचारलं, विहीर कुणाकडं? मी म्हणालो, पाणी दोघांचं, बाकी तुम्ही रेघ ओढाल ती मला मान्य. ओढ्याकडचा भाग तुला आला. शेवटी रिवाजाप्रमाणे काकांनी अव्वाला विचारलं, मथुराबाई, तुम्ही कोणत्या चुलीच्या? मला वाटलं होतं, ती कुणाचंच नाव घेणार नाही. ती म्हणाली, "धाकट्याच्या." मग म्हणाली, "तो येईस्तवर त्याची चूल म्या राखीन." दैवशाला आत निघून गेली.

तुझी माणसं येऊन खुणेचे दगड रोवून गेली. तू केव्हा येणार आहेस, हे मी विचारत नाही. येशील तेव्हा जेवायला आमच्यात बोलावीन. वहिनी तुला पाट मांडील, तांब्या भरून ठेवील, वाढताना आग्रह करील. पाहुण्याचं सगळं रीतीनं करावं, हे तिला सांगावं लागत नाही.

चुलीत काही खोट नाही. खाजामियाँ नळकांड्याची काजळी काढायला आले होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, कशी चालती?" मी म्हणालो, "उत्तम." दैवशालाची छाती डॉक्टरनं पुन्हा तपासली, बरीच स्वच्छ आहे. त्यातलं श्रेय तुला द्यावं लागतं, आणि ते मी देतो.

परवा अव्वानं सृष्टीला हाक मारून वाटीभर बेसन मागितलं. आत्तापर्यंत या घरात बेसन कधी मागितलं गेलं नाही, डबा उघडून घेतलं जायचं. दैवशालानं वाटी भरून दिली. काल तुझ्या नावानं दुकानातून किराणा आला, आणि संध्याकाळी अव्वा स्वतः अंगण ओलांडून पडवीत आली. वाटी बेसनानं काठोकाठ भरलेली होती, वरून हातानं सारखी केलेली. ती उंबऱ्यावर ठेवून गेली. आत आली नाही.

दैवशाला वाटी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, "हे आपल्या डब्यात ओतू का वेगळं ठेवू?"

मी तिच्या हातून वाटी घेतली आणि पुन्हा उंबऱ्यावर ठेवली. वाटी अजून तिथंच आहे.

उमाशंकर